साडेपाचचं

३ फेब्रुवारी, सोमवार

खालची दारं-खिडक्या उघडून दोन तास हवा खेळू दिली. वहिनी लेकीकडे, माझ्या भाचीकडे, राहायला गेली त्याला आता सात महिने झाले. किल्ली माझ्याकडे असते, पण ती भाचीने दिलेली. वहिनी मला किल्ली देणं शक्यच नव्हतं, कारण किल्ली देताना माणसाला काहीतरी बोलावं लागतं. आमच्या अबोल्याला येत्या मेमध्ये अकरा वर्षं होतील.

पियानोवर बोटभर धूळ होती. पुसता पुसता झाकण उघडलं आणि एक पांढरी पट्टी दाबली. आवाज इतका मोठा आला की मीच दचकले आणि दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. परत दाबली.

मग पट्ट्या मोजल्या. अठ्ठ्याऐंशी. माझ्या टाइपरायटरला चव्वेचाळीस. बरोबर दुप्पट! चाळीस वर्षं मुलींना न बघता टाइप करायला शिकवलं, त्या बाईला दुप्पट पट्ट्यांचं मशीन समोर असताना स्वस्थ कसं बसवेल?

५ फेब्रुवारी, बुधवार

पियानोच्या स्टुलाचं झाकण उघडतं हे आज कळलं. आत स्वरांच्या वह्या होत्या. सगळ्यांत वर होती ती कोपरे मऊ पडलेली, दोऱ्याने परत शिवलेली वही पाहताक्षणी समजलं की हेच ते. नाव परक्या भाषेत छापलंय, रचणाऱ्याचंही. दोन्ही माझ्या जिभेला झेपणारी नाहीत. मी त्याला मनात पहिल्यापासून 'साडेपाचचं' म्हणत आले, इथेही तेच लिहीन.

कारण ते साडेपाचलाच वाजायचं. मी क्लासमधून घरी येणार पाच पंचविसाला, जिन्याच्या सोळा पायऱ्या चढणार, आणि शेवटच्या पायरीवर पाय पडला रे पडला की खाली हिचं सुरू. क्लास बंद होऊन दोन वर्षं झाली तरी मी त्याच वेळी फिरून परतते, आणि मागच्या जूनपर्यंत त्यातही कधी खंड पडला नाही. बाकी दिवसभर पियानो गप्प. मी आले की चालू. याला मुद्दाम नाही तर काय म्हणायचं?

आमच्या मधली जमीन लाकडी फळ्यांची. खालचं सगळं वर येतं, वरचं सगळं खाली जातं. मी वेताच्या खुर्चीत बसून चहा पिते आणि रिकामा कप खाली जमिनीवर ठेवते, तर दादा ओरडायचा, "कप हळू ठेव गं, माझ्या टाळक्यावर ठेवल्यासारखा वाटतो!"

पण खरं लिहायचं तर ते वाजायला लागलं की मी चहा सावकाश प्यायची. वैर वहिनीशी होतं, सुरांशी नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

भाचीचा फोन. खालचा मजला दातांच्या डॉक्टरला भाड्याने द्यायचं ठरलंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघी येणार, सामान हलवणार. पियानो एका संगीतवर्गाला देऊन टाकणार.

"आणि आत्या, आईचा डावा कान गेलाच. उजवाही उतरत चाललाय. डॉक्टर म्हणतात, वर्षअखेरपर्यंत कितपत राहील सांगता येत नाही."

मी म्हटलं, "काळजी घे तिची."

"तिला काही निरोप देऊ का?"

"कसला निरोप?"

"काहीही. आता ऐकू येतंय तोवर."

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. दूध फडताळात होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वाचनालयातून 'घरबसल्या पियानो' आणलं. पहिली अकरा पानं कोणीतरी फाडून नेलीत, बारावं पान 'आता आपण पुढे जाऊ' असं सुरू होतं. चला, पुढे तर पुढे.

जूनपर्यंत चार महिने आहेत. चार महिन्यांत मी अडाणी मुलींकडून मिनिटाला चाळीस शब्द काढून घेतलेत. साडेपाचचं पाच पानांचंच आहे. वहिनीला ऐकवायचंय असं अजिबात नाही. ते आतून कसं बांधलंय एवढंच मला बघायचंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाच रेघांवर कुठला ठिपका म्हणजे कुठली पट्टी हे पाठ झालं. सोपं आहे. मशीनची अक्षरं तर काही क्रमाशिवाय विस्कटून ठेवलेली असतात, इथे सगळे शहाण्यासारखे ओळीत बसलेत.

मौज म्हणजे मला साडेपाचचं तोंडपाठ आहे असं मी समजत होते, ते अर्धंच निघालं. जमिनीतून वर यायचा तो जास्त करून डाव्या हाताचा घुमारा. उजव्या हाताचं नाजूक काम फळ्यांतच अडकायचं. इतकी वर्षं मी इमारत बघतेय असं वाटत होतं, आणि बघत होते नुसतं जोतं.

पहिल्या आठ खणांतल्या (दोन उभ्या रेघांमधल्या जागेला मी खण म्हणते) चुका: ४१. वहीत नोंदवून ठेवते. क्लासमध्येही तसंच करायची.

६ मार्च, गुरुवार

आज रडकुंडीला आले. ठिपक्यांवर एक ते पाच आकडे छापलेत, म्हणजे कुठल्या बोटाने दाबायचं ते. ते मी लगेच ओळखलं. पहिलं बोट अंगठ्याशेजारचं, दुसरं मधलं, तिसरं त्याच्या पुढचं, चौथी करंगळी. पाचवा उरला तो अंगठा.

आता सुरुवातीलाच सूर वर चढत जातात: एक, दोन, तीन, पाच. पहिली तीन बोटं ठीक. मग करंगळी सोडून अंगठ्याने थेट पलीकडे, तिच्याही पुढच्या पट्टीवर जायचं! त्यासाठी मनगट उलटं करून कोपर छताकडे न्यावं लागतं. स्टुलावरून दोनदा घसरले. रचणाऱ्याचे हात असेच होते का काय कोण जाणे. आणि वहिनी हे हसतमुखाने वाजवायची! बाईचं सगळंच वाकडं म्हणून हातही वाकडे, असं एकदा मनात आलं, पण ते काही खरं नाही. तिचे हात चांगले होते. सरळ, लांब बोटांचे.

सराव केला पाहिजे. चुका: ३८.

११ मार्च, मंगळवार

स्वरांच्या वहीत वहिनीच्या गोल अक्षरात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिलेत. पहिल्या पानावर, अगदी पहिल्या ठिपक्याच्याही आधी, 'जिना'. आणि तिसऱ्या पानावर, पहिला भाग संपून दुसरा सुरू होतो तिथे, 'कप'. याच्याभोवती दोनदा गोल केलाय.

जिना समजला. सुरुवातीचे सूर पायऱ्यांसारखे चढत जातात, म्हणून जिना. चपखल शब्द आहे. वहिनीला बोलायचं वळण होतं हे मी कधी नाकारलं नाही.

पण कप? चहाचा कप तर कोणीही सांगेल, पण त्याचं इथे काय काम? वहिनी पियानोवर पाण्याचा पेलासुद्धा ठेवू द्यायची नाही. माझ्या मते हा संक्षेप आहे. चाळीस वर्षं कागदपत्रं टाइप केली, संक्षेप मला लांबून ओळखू येतात. 'कृ. मा. प.' म्हणजे कृपया मागे पहा. तसं 'क. प.' म्हणजे कच्ची प्रत? म्हणजे इथून पुढचं कच्चं आहे, असं? किंवा कडक पट्टी? तिसऱ्या पानावरच्या सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या, कुठलीच कडक नाही. एक मात्र मुकी आहे. दाबली की नुसती खाली जाते, आवाज नाही.

भाचीला फोनवर विचारता येईल, पण मग ती विचारणार, तुला कशाला हवंय?

२३ मार्च, रविवार

आज पियानोजवळ गेले नाही. लिहिणार नव्हते, पण ही वही माझीच आहे, इथे तरी कोणाची भीती?

अकरा वर्षांपूर्वी दादा अंथरुणाला खिळला होता. एका संध्याकाळी मी क्लासमधून आले तर खालून पियानो ऐकू आला. डॉक्टर नुकतेच बाहेर पडत होते, शेजारच्या दोघीजणी दारात उभ्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "नवरा आत मरायला टेकलाय आणि इथे मैफल चाललीय!"

वहिनीने पट्ट्यांवरचे हात उचलले. तिने झाकण लावलं. दादा त्यानंतर सोळा दिवस होता. त्या सोळा दिवसांत झाकण उघडलं नाही.

पुढे भाची म्हणाली, "आत्या, बाबाच सांगायचे गं आईला, वाजव म्हणून. दुखणं विसरायला होतं म्हणायचे." मी म्हटलं, मला काय माहीत. खरंच माहीत नव्हतं. पण माहीत झाल्यावरही मी सोळा पायऱ्या उतरून खाली गेले नाही. आज जाईन, उद्या जाईन म्हणता म्हणता लाज घट्ट होत गेली आणि मग तिचा रागच झाला.

दादा गेल्यावर दोन महिन्यांनी, मी जिना चढून वर आले आणि खाली साडेपाचचं सुरू झालं. मला वाटलं, ही मला टोचतेय. ऐक, आता कोण अडवतं बघू, असं. तेव्हापासून रोज.

माझं चुकलं होतं. मशीनवर हे वाक्य टाइप करायला चार सेकंद लागतात.

८ एप्रिल, मंगळवार

मुक्या पट्टीसाठी पियानो दुरुस्तीवाल्याला बोलावलं. बारीक अंगाचा, साठीचा माणूस, स्वतःशी पुटपुटत काम करतो. हा पियानो तो वीस वर्षं लावत आलाय म्हणे. समोरची फळी काढून हात आत घातला आणि त्या पट्टीच्या हातोडीशी अडकलेला पेन्सिलीचा एवढासा तुकडा काढला. वहिनीची पेन्सिल. मी पुसून ठेवून दिली.

मग तो म्हणाला, "वाजवा बघू काहीतरी, पट्टी चालते का ते कळेल." मी पहिल्या दोन ओळी वाजवल्या. त्याचं पुटपुटणं थांबलं.

"बाई, पडलाबिडला होतात का? हाताला काही दुखापत?"

"नाही. का?"

"मग अंगठा असा डोक्यावरून का नेताय?"

"तिथे पाच लिहिलंय. पाच म्हणजे अंगठा."

"एक म्हणजे अंगठा," तो म्हणाला.

"अंगठ्याला कोणी बोट म्हणतं का?"

"तुमच्या हाताला बोटं किती?"

"चार. आणि अंगठा."

"बरोबर आहे तुमचं. पण पियानोला पाच. आणि मोजायला सुरुवात अंगठ्यापासून."

मी स्टुलावर बसूनच राहिले. चाळीस वर्षं मी ओरडत आले, मुलींनो, अंगठा फक्त मोकळ्या जागेसाठी! मशीनवर त्याचं काम एकच, स्पेस बार दाबायचा. त्याला नंबर नाही, अक्षर नाही. आणि इथे तो पहिला.

माणूस हसला नाही, हे त्याचे उपकार. फाटकाबाहेर गेल्यावर हसला, ते ऐकू आलं.

जाण्याआधी मी त्याला 'कप' दाखवला. म्हणाला, संगीतात असं काही नसतं. मग म्हणाला, "वहिनीबाई फार काटेकोर. दर वेळी माझं काम झालं की मला वर जिन्याच्या टोकाला उभं करायच्या आणि इथून विचारायच्या, वर नीट जातंय ना ऐकू? उजव्या हाताचं पण जातंय ना?"

"बघा!" मी म्हटलं. "म्हणजे मुद्दामच!"

तो हत्यारं पिशवीत भरायला लागला.

९ एप्रिल, बुधवार

अंगठा एक. करंगळी पाच. पहिल्या दोन ओळी अशा सरळ गेल्या की मी हात थांबवून त्यांच्याकडेच बघत बसले. सूर हाताखाली आपसूक येतात. दोन महिने मी अंगठाबहाद्दरही नव्हते, अंगठाही धड वापरत नव्हते.

चुका: १२. पण मी आता साठीत शिकलेलं विसरून परत शिकतेय, त्याला वेळ लागणार. सवयीने अंगठा अजून हवेत लटकतो, दांडी शोधत.

२७ एप्रिल, रविवार

एक नवल लिहून ठेवते. पहिला भाग संपला की वहिनी थांबायची. चांगलीच थांबायची. कधी दहा श्वास, कधी त्याहून जास्त. हिवाळ्यात तर एकेकदा इतकी, की मला वाटायचं, आज अर्ध्यावरच सोडलं वाटतं, आणि मी चहा संपवून उठायच्या बेताला यायची, तेवढ्यात दुसरा भाग सुरू. मी ते रचनेतलंच समजत होते. त्या थांबण्याने दुसरा भाग फार गोड लागतो.

वहीत तसं काहीही छापलेलं नाही. थांबायची खूण असते, ती कशी दिसते ते मी 'घरबसल्या पियानो'त पाहून घेतलं, तीही नाही. सरळ पुढच्या खणात जायचं.

मग ही का थांबायची? पान उलटायला? पण पान तिथे उलटतच नाही. दम लागून? माझ्याच वयाची ती, दम कसला लागतोय. कोडं आहे. मी छापल्याप्रमाणे वाजवून पाहिलं, तर दुसरा भाग धक्का मारून आत घुसल्यासारखा वाटला. पण छापील ते छापील. प्रत बघून टाइप करायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, हे मीच शिकवलंय.

१४ मे, बुधवार

डावा-उजवा हात एकत्र आले, पहिला भाग पुरा. चुका: ९.

वाजवताना एकदम आठवलं. चार-पाच वर्षांपूर्वी मी तापाने आठ दिवस अंथरुणात होते. जिना चढले-उतरलेच नाही. ते आठही दिवस खालून काही आवाज आला नाही. तेव्हा वाटलं, कुठे गावाला गेली असेल. पण भाची तेव्हा सुट्टीवर आलेली, दोन्ही वेळा डबा घेऊन वर यायची, आणि डब्याची चव थेट वहिनीच्या हातची होती. मी भाचीला म्हटलंसुद्धा, शिकलीस हो आईकडून. ती नुसती हसली.

मग गावाला कोण गेलं होतं? आज हे का आठवलं कळत नाही.

३० मे, शुक्रवार

पाचही पानं, न थांबता. चुका: २९. क्लासमध्ये असा कागद आला असता तर मी लाल शाईने एकच शब्द लिहिला असता. पण आज बाहेर जाऊन स्वतःसाठी नवी चहाची किटली आणली.

भाचीशी फोनवर बोलता बोलता माझा मोकळा हात पट्ट्यांवर गेला. तिने विचारलं, "आत्या, मागून कसला आवाज येतोय?" मांजर पट्ट्यांवरून चाललं असं सांगितलं. आपल्याकडे मांजर नाही हे तिला माहीत आहे.

तिचं म्हणणं, आईला आता फोनवर काही कळत नाही, जवळ जाऊन मोठ्याने बोलावं लागतं. वाजवून दाखवायचंय. हो, वहिनीलाच. पहिल्यापासून तिलाच. ते झाल्यावर जे बोलायचं ते बोलता आलं तर बोलेन. पण आधी हाताने, कारण तोंडाचा मला भरवसा नाही.

७ जून, शनिवार

दोघी आल्या. वहिनी वाळलीय. केस पांढरे झालेत, चालणं मात्र तेच, ताठ. फाटकात माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली. मीही.

मग दिवसभर नेहमीचा खेळ. वहिनी भाचीला म्हणते, "तुझ्या आत्याला विचार, कपाटाची दुसरी किल्ली कुठे आहे." मी तिथेच तीन हातांवर उभी. मी भाचीला म्हणते, "आईला सांग, खिळ्याला आहे." भाची मग वहिनीच्या उजव्या कानाशी ओरडते, "खि-ळ्या-ला!" संध्याकाळी पोरीने कपाळावर हात मारून घेतला. "मला पोस्टमन करून टाकलंत तुम्ही दोघींनी. अकरा वर्षं तिकिटाशिवाय!"

पियानो मंगळवारी सकाळी जाणार. वहिनीने एकदाही झाकण उघडलं नाही. फक्त धूळ आहे का म्हणून वरून बोट फिरवलं, आणि बोटाकडे बघत राहिली. धूळ नव्हती.

९ जून, सोमवार

रात्र झालीय, तरी आजचं आजच लिहिते.

दुपारी भाचीला बाजूला घेऊन म्हटलं, "साडेपाचला आईला वर घेऊन जा. माझ्या वेताच्या खुर्चीत बसव. चहा केलेला आहे, कपात ओतून दे. का म्हणून विचारू नकोस."

"ती येईल वर?"

"खाली खोक्यांचा पसारा आहे म्हणावं. बसायला जागा नाही."

पाच पंचविसाला मी पियानोसमोर बसले. भिंतीला खोकी लागलेली, पडदे काढलेले. वर जाणारी पावलं ऐकू आली. भाचीची भरभर, वहिनीची एकेक. मी मोजत होते. चौदा, पंधरा, सोळा. मग डोक्यावर फळ्या वाजल्या, खुर्ची करकरली. म्हटलं, आता. सुरू केलं.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत अंगठा चुकला, पण सावरला. तिला खाली वाजवणारी कोण ते कळलं असेल का, तिला मुळात काही ऐकू तरी जातंय का, काही समजायला मार्ग नव्हता. मी डाव्या हाताने जास्त जोर लावला. फळ्यांतून काय वर जातं आणि काय जात नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत?

पहिला भाग संपला. छापल्याप्रमाणे सरळ पुढे जायचं होतं. मी तसाच सराव केला होता, शंभरदा केला होता. पण हात उचलले गेले आणि उचललेलेच राहिले. कानांना वर्षानुवर्षांची सवय, ते पुढे जाऊच देईनात. मी वाट बघायला लागले, कशाची ते न कळता. दहा श्वास झाले. वर काही नाही. आणखी दहा. मनात आलं, उठून गेली.

आणि मग बरोबर माझ्या टाळक्यावर, टक्.

वहिनीने चहा संपवून कप जमिनीवर ठेवला होता.

माझ्या डोळ्यांसमोर, दोनदा गोल केलेला, तिसऱ्या पानावर तो शब्द होता. कप. मी तीन महिने त्याला कच्ची प्रत म्हणत होते! आणि पहिल्या पानावर जिना. माझा जिना. माझी पावलं सोळा पायऱ्या चढून गेली की सुरू करायचं. माझा चहा होईपर्यंत अर्ध्यावर थांबायचं. कप ठेवल्याचा आवाज आला की पुढचं. म्हणजे ही बाई अकरा वर्षं रोज माझ्याशी बोलत होती आणि मी वर बसून चहा पीत होते.

मला रडू आलं, मोठ्याने आलं. पण दुसरा भाग बाकी होता आणि ती वर वाट बघत होती, म्हणून वाजवला. डोळ्यांत पाणी असल्यामुळे ठिपके काही दिसत नव्हते. चुका मोजल्या नाहीत.

मग सोळा पायऱ्या चढले. भाची खिडकीशी पाठ करून उभी होती, तिचे खांदे हलत होते. वहिनी माझ्या खुर्चीत बसली होती. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, दोन्ही तळपाय फळ्यांवर सपाट टेकवलेले. कानाने जे पोचलं नसेल ते पायांनी घेत होती. कप पायाशी.

तिने माझ्याकडे वर पाहिलं आणि म्हणाली, "किती वेळ लावायचीस गं मास्तरीण, एका कपाला. बोटं गारठून जायची माझी."

मास्तरीण ती मला लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणायची. अकरा वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

मी खाली बसले, तिच्या उजव्या कानाजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, "माझं चुकलं."

"काय?"

"माझं चुकलं, वहिनी. त्या दिवशी मी असं बोलायला नको होतं."

"मोठ्याने बोल, काही कळत नाही."

मी ओरडले, "चुकलं माझं!" खिडकी उघडी होती. समोरच्या घरातल्या बाईने वाळत घातलेले कपडे सोडून मान वर केली. रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. थांबू दे.

वहिनीने माझा अंगठा आपल्या मुठीत धरला.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "पण अकरा वर्षांचं साठलेलं, एकदा ऐकून कसं भागेल?"

भाची रडता रडता हसायला लागली. मी चहा परत गरम करायला ठेवला, तीन कप.